सापडलेली वस्तू कोणाची?



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून उन्हाळ्यातल्या संध्याकाळी येथे राज्यकारभार, अर्थकारण, समाजसुधारणा, साहित्य अशा भारदस्त विषयांचा ऊहापोह होत आला आहे. अशा परंपरेत मी आज तुमच्यापुढे एक खोडरबर, एक छत्री आणि रस्त्यात पडलेले पाच रुपयांचे नाणे, एवढाच ऐवज घेऊन उभा आहे. विषय लहान आहे हे मला ठाऊक आहे. परंतु मूल ज्या दिवशी पहिल्याने दुसऱ्याची वस्तू मुठीत धरून घरी येते आणि म्हणते, "आई, मला हे सापडलं," त्या दिवशी त्या घरात जो संवाद होतो, त्यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते. त्या संवादाविषयी मला बोलायचे आहे.

"सापडले" हा शब्द मोठा सोयीचा आहे. "मी घेतले" म्हटले की घेणारा पुढे येतो. "मला सापडले" म्हटले की तो मागे सरतो आणि वस्तूच जणू आपण होऊन चालत आलेली असते. आपल्या भाषेने केलेली ही सोय मोठी माणसे जाणूनबुजून वापरतात. मूल मात्र ती भोळेपणाने वापरते. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या लेखी जी वस्तू कोणाच्या हातात नाही, ती कोणाचीच नाही. मालकी ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट नव्हे. बाकाखाली पडलेल्या पेन्सिलीपाशी तिचा मालक उभा नसतो. तो कल्पनेने पाहावा लागतो, आणि ही कल्पना करायला मुलाला शिकवावे लागते. म्हणून त्या वयाच्या मुलापुढे "चोर" हा शब्द उच्चारणे हे मला अज्ञानाचे लक्षण वाटते, आणि ते अज्ञान मुलाचे नव्हे. कायदासुद्धा येथे आपल्यापेक्षा समंजस आहे. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही, असे १८६० च्या भारतीय दंड संहितेत होते, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते तसेच आहे. सात ते बारा या वयात मुलाची समज किती पिकली आहे ते पाहावे, असेही दोन्हींत सांगितले आहे. घरात मात्र आपण पाच वर्षांच्या आरोपीला एका मिनिटात दोषी ठरवून मोकळे होतो.

न दिसणारी मालकी दिसती करण्याची एक युक्ती आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होती. त्या भांड्यांवर नावे घालून घेत. लग्नात आलेले तांब्या-भांडे असो की फुलपात्र असो, त्यावर कोणी, कोणाला, कधी दिले ते कोरलेले असे. हळदीकुंकवाला, बारशाला, मुंजीला भांडी शेजारच्या घरांतून गोळा होत, आणि कार्य उरकल्यावर घासून-पुसून नावे वाचून ज्याची त्याला परत जात. ही नावे वाचायचे काम पुष्कळदा मुलांकडे असे. नुकतेच वाचायला शिकलेले पोर मोठ्याने नाव वाचायचे आणि भांडे घेऊन पळायचे. परत करण्याचा हा केवढा सुंदर वर्ग होता, आणि त्याला वर्ग असे कोणी म्हणतही नव्हते! १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. तशा प्रसंगी गाळातून वर आलेल्या एखाद्या पातेल्याला घरी परत जायची वाट असते ती त्यावरच्या कोरीव नावाचीच. आता पोलादी भांडी स्वस्त झाली, कार्ये कार्यालयांत होऊ लागली, आणि नाव घालणे मागे पडले. तेव्हा मी पालकांना पहिली गोष्ट सांगतो ती अगदी साधी आहे. मुलाची पाण्याची बाटली, डबा, कंपासपेटी, छत्री यांवर त्याचे नाव त्याच्याच हाताने लिहून घ्या. आपली वस्तू हरवू नये एवढाच त्यातला हेतू नाही. स्वतःच्या वस्तूवर नाव लिहिणाऱ्या मुलाला दुसऱ्याच्या कोऱ्या वस्तूवरही नाव असल्याचे हळूहळू जाणवू लागते.

आता एक जुनी कथा. महिपतींच्या 'भक्तविजया'त रांका आणि बांका या दांपत्याची गोष्ट आहे. पंढरपुरात रानातल्या मोळ्या विकून हे दोघे पोट भरीत. त्यांची परीक्षा पाहण्यासाठी देवाने त्यांच्या वाटेवर सोने ठेवले. पुढे चालणाऱ्या रांकाने ते पाहिले आणि मागून येणाऱ्या पत्नीला मोह होऊ नये म्हणून त्यावर माती लोटली. बांकाने विचारले, काय करीत होता? त्याने सांगितल्यावर ती म्हणाली की मातीवर माती कशाला घातलीत? नवऱ्याला सोने आणि माती यांत निदान फरक तरी दिसला. तिला तोही दिसला नाही. कीर्तनकार येथे थांबतात, आणि श्रोते माना डोलावतात. मीही लहानपणी डोलावली आहे.

पण शाळामास्तराच्या डोक्यात एक प्रश्न उरतोच. ते सोने देवाचेच होते म्हणून ठीक. पण ते एखाद्या वाटसरूचे असते तर? मुलीच्या लग्नासाठी केलेला दागिना विसरून गेलेला कोणी शेतकरी सायंकाळी धापा टाकीत त्या वाटेवर परत आला असता, तर त्याला काय सापडले असते? मातीचा एक ढीग! रांका-बांकांची थोरवी वैराग्याची आहे, आणि वैराग्यापुढे मी हात जोडतो. परंतु आपल्या मुलांना आपण विरक्त करायला निघालेलो नाही. आपल्याला त्यांना नागरिक करायचे आहे. परक्याचे द्रव्य मातीच्या ढेकळासारखे मानावे, असे संस्कृत सुभाषितकार सांगतात. मानावे खरे, पण ढेकळाची चौकशी कोणी करीत नाही, ढेकूळ परत करायला कोणी चार घरे फिरत नाही. "त्याला हात लावू नकोस" एवढे शिकवून आपले मूल वस्तूला वळसा घालून जायला शिकते. तिला हात लावून, उचलून, जपून, ज्याची त्याला पोहोचवायला ते शिकत नाही. आपल्याकडे पहिला धडा मिळालेली माणसे पुष्कळ आहेत. रस्त्यात पाकीट दिसले तर "नसती भानगड नको" म्हणून पुढे जाणारे गृहस्थ प्रामाणिक असतात, यात शंका नाही. पण ज्याचे पाकीट पडले त्याला त्यांच्या प्रामाणिकपणाचा काडीचा उपयोग होत नाही.

हा दुसरा धडा आपल्या परंपरेत नाही असे मात्र कोणी समजू नये. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात बेवारस द्रव्याचा विचार आहे. राजाने ते तीन वर्षे सांभाळावे. त्या अवधीत मालक आला तर त्याने वस्तूचे रूप, संख्या वगैरे खुणा सांगून ती न्यावी. आणि खोटा दावा करणाऱ्याला त्या वस्तूच्या किमतीएवढा दंड करावा. मनुस्मृतीतल्या इतर पुष्कळ गोष्टी आपण टाकल्या, आणि टाकल्या हे योग्यच केले. पण खूण पटवून वस्तू देण्याची ही रीत शाळेच्या कचेरीत आजही उपयोगी पडेल. "ही कोणाची?" असे विचारून वस्तू उंच धरली की तीन हात वर होतात. "कोणाची बाटली हरवली? कोणत्या रंगाची होती?" असे विचारले की एकच हात वर राहतो.

इंग्रजी अमदानीत मेकॉलेने रचलेल्या दंड संहितेचे ४०३ वे कलम याच विषयाचे. आता त्याची जागा न्याय संहितेच्या ३१४ व्या कलमाने घेतली आहे. कायद्याची पुस्तके रूक्ष असतात, परंतु या कलमाखाली दिलेली उदाहरणे मी मुलांना गोष्टीसारखी सांगितली आहेत, आणि ती त्यांनी कान टवकारून ऐकली आहेत. एका माणसाला हमरस्त्यावर एक रुपया सापडतो. तो कोणाचा हे त्याला माहीत नाही. तो उचलतो. गुन्हा झाला का? नाही. दुसऱ्याला एक पत्र सापडते, आत नोट आहे. पत्रावरच्या पत्त्यावरून आणि मजकुरावरून नोट कोणाची हे कळते, तरी तो ती खिशात घालतो. हा गुन्हा. तिसरा माणूस कोणाची तरी थैली पडताना पाहतो, परत द्यावी म्हणूनच उचलतो, पण पुढे त्याचे मन बदलते आणि तो ठेवून घेतो. हाही गुन्हा. चौथ्याला एक मौल्यवान अंगठी सापडते. कोणाची ते ठाऊक नाही, आणि तो मालकाचा शोध न करता ती लगेच विकून टाकतो. येथे वर्गात नेहमी मतभेद होतो. "पण त्याला माहीतच नव्हतं ना, कोणाची ते!" असे निम्मा वर्ग म्हणतो. कायदा म्हणतो, माहीत नव्हते हे खरे, पण त्याने माहीत करून घ्यायला हवे होते. एक रुपया आणि अंगठी यांतला फरक मुलांना आपण होऊन उमजतो. रुपयाचा मालक शोधून सापडण्याजोगा नाही. अंगठीचा आहे, आणि तो रडत असणार.

तिसऱ्या माणसाविषयी थोडे अधिक सांगतो, कारण मुले बहुधा त्याच जातीची असतात. आणि आपणही. वस्तू उचलताना मन स्वच्छ असते. "उद्या देऊ" म्हणून ती दप्तरात जाते. उद्या विसरायला होते, परवा थोडी लाज वाटते, आणि आठवड्याने ती वस्तू आपलीच वाटू लागते. चोरीचा विचार कोठेही शिरलेला नसतो. नुसता उशीर झालेला असतो. म्हणून मुलाला मी "प्रामाणिक राहा" असे सांगण्यापेक्षा "आजच दे" असे सांगणे पसंत करतो. मालक सापडत नसेल तर आजच बाईंकडे दे, आजच पहारेकऱ्याकडे दे, आजच आईला सांग. प्रामाणिकपणा हा शब्द मोठा आहे. "आजच" हा मुलाच्या मुठीत मावतो.

आता घरातल्या संवादाकडे येऊ. मूल चेंडू घेऊन आले आहे. आई विचारते, "कुठून आणलास? खरं सांग!" या "खरं सांग"मध्येच सगळे बिघडते. खोटे बोलण्याची कल्पना त्या क्षणापर्यंत मुलाच्या मनात आलेली नसते. ती आपण त्याच्या हातात ठेवतो. मग ते म्हणते, "बंड्यानं दिला." झाले! एका चेंडूपायी आता खोटेही आले. तेच जर आई म्हणाली, "अरे वा, छान आहे! कोणाचा बरं असेल? तो आता काय करत असेल?" तर मूल विचारात पडते. मी हे मनानेच सांगत नाही. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांतील तीन-चार वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला आणि तो २०११ साली प्रसिद्ध केला. एका शाळेत छडी होती, दुसरीत नव्हती. छडीच्या शाळेतली मुले अधिक खोटे बोलत आणि ते खोटे अधिक सफाईने निभावून नेत. छडीने खोटे थांबत नाही. छडी खोट्याचा सराव करून घेते. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाच्या कामात शिक्षेला हाच आक्षेप घेतला होता. पण "छडी लागे छमछम"ची गोडी आपल्या मनातून अजून गेलेली नाही.

याच संशोधकांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला आणखी एक प्रयोग गोष्टींविषयीचा आहे. मुलांना वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या: लांडगा आला रे आला, नाक लांब होणारा पिनोकिओ, आणि चेरीचे झाड तोडल्याचे वडिलांपाशी कबूल करणारा लहान वॉशिंग्टन. पहिल्या दोन गोष्टींत खोट्याची शिक्षा आहे, तिसरीत खऱ्याचे कौतुक आहे. मुलांच्या खरे बोलण्यात फरक पडला तो तिसऱ्या गोष्टीने. "लांडगा आला रे आला" आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो, आणि तिचा उपयोग बेताचाच! आपल्याकडे वॉशिंग्टनहून खरी गोष्ट आहे. महात्मा गांधींनी आत्मकथेत लिहिली आहे. पंधराव्या वर्षी भावाच्या हातातल्या कड्याचा सोन्याचा तुकडा त्यांनी चोरला, आणि मग राहवेना म्हणून आजारी वडिलांना चिठ्ठी लिहून कबुली दिली, शिक्षाही मागितली. वडिलांनी चिठ्ठी वाचली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि त्यांनी ती फाडून टाकली. त्या वेळी करमचंद गांधींनी हात उगारला असता तर आत्मकथेत ते पान कसे आले असते, याचा विचार आपण पालकांनी करावा.

शिक्षा नको म्हटले की लोक बक्षिसाकडे वळतात. एका शाळेत असा परिपाठ सुरू झाला की ज्याने सापडलेली वस्तू आणून दिली, त्याचे नाव दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर वाचायचे आणि टाळ्या वाजवायच्या. पहिल्या आठवड्यात दोन नावे आली. महिन्याभरात रोज सात-आठ येऊ लागली. पाच रुपयांची, दोन रुपयांची नाणी धडाधड "सापडू" लागली, आणि त्यांचा मालक म्हणून मात्र कोणी पुढे येईना. उलगडा झाला तेव्हा असे दिसले की मुले खाऊचे पैसेच आणून देत होती! टाळ्या विकत मिळत होत्या. त्या मुलांना हसण्यात अर्थ नाही. मोठ्यांच्या जगात देणग्यांच्या पाट्या अशाच लागतात. पण एक दिसले. ज्याने वस्तू दिली त्याच्याकडे सर्वांनी पाहिले, आणि ज्याला मिळाली त्याच्याकडे कोणीच पाहिले नाही. देणाऱ्याला टाळ्या नकोत. ज्याची वस्तू होती त्याच्या हातात ती त्याला स्वतःला देऊ द्या. हरवलेली कंपासपेटी परत मिळालेल्या मुलाचा चेहरा ज्याने एकदा जवळून पाहिला, त्याला आणखी बक्षीस लागत नाही.

मोठ्या माणसांविषयीही हेच दिसते. ४० देशांतील ३५५ शहरांत, त्यांत आपल्या देशातलीही काही होती, संशोधकांनी १७ हजारांवर पाकिटे "आम्हाला सापडले" म्हणून बँका, टपालकचेऱ्या, हॉटेले अशा ठिकाणच्या माणसांच्या हाती दिली आणि किती परत येतात ते पाहिले. २०१९ साली त्याचा निष्कर्ष आला. आपण म्हणू, रिकामी परत येतील, भरलेली कोण देतो! झाले उलटे. पैसे असलेली पाकिटे अधिक परत आली. आणि त्याहून मौजेची गोष्ट ही की पाकिटात एक किल्लीही ठेवली होती, आणि काही देशांत किल्ली नसलेली पाकिटेही देऊन पाहिली होती. किल्ली घेणाऱ्याच्या काहीच कामाची नाही. ती फक्त हरवणाऱ्याच्या कामाची. ती असली की परत करणारे आणखी वाढले. कोणीतरी कुलूपबंद दारापुढे उभे आहे, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आले असावे, असे मला वाटते. मुलांना शिकवायचे ते हे चित्र.

आतापर्यंत ज्याला सापडले त्याच्याविषयी बोललो. ज्याचे हरवले त्याच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. कारण तो बिचारा, त्याचे नुकसान झालेले. पण या विषयातला सर्वांत मोठा अन्याय त्याच्याच हातून होतो. वर्गात एकाचे घड्याळ हरवते. बाई दार लावून घेतात आणि दप्तरे तपासली जातात. चाळीस मुलांची दप्तरे तपासतात म्हणावे, पण सर्वांचे डोळे ज्या एका मुलाकडे लागलेले असतात, तो कोण हे त्या चाळीसजणांना ठाऊक असते. ज्याचा गणवेश विटलेला, ज्याची आई चार घरी कामाला जाते, तो. घड्याळ संध्याकाळी मालकाच्या घरी, न्हाणीघरातल्या खिडकीत सापडते. त्या मुलाची माफी कोण मागते? घरातही हेच. अंगठी दिसेनाशी झाली की पहिला संशय घरकाम करणाऱ्या बाईंवर. अंगठी धान्याच्या डब्यात निघते, पण तोपर्यंत त्या बाईंना काय काय ऐकावे लागलेले असते! आणि हे सारे आपले मूल कोपऱ्यात उभे राहून पाहत असते. मूल त्यातून प्रामाणिकपणा शिकत नाही. गरीब असणे म्हणजे चोर असणे, हे शिकते.

हा संशय नुसता घरगुती नव्हता, कायद्यानेही तो चालवला होता. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. सोलापुरात काटेरी तारांच्या आत त्यांची वसाहत होती. त्या तारांच्या आत जन्मलेले मूल काही करण्याआधीच संशयित होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा शिक्का कागदोपत्री पुसला गेला. मनातून किती पुसला गेला हे ज्याला पाहायचे असेल त्याने लक्ष्मण गायकवाड यांचे १९८७ सालचे 'उचल्या' वाचावे. चोरी हाच धंदा म्हणून ज्या जमातीच्या माथी मारला गेला, त्या जमातीतल्या मुलाने शाळेची पायरी चढणे म्हणजे काय, ते त्यात आहे. आपण आपल्या मुलांना सांगतो, "चोरी करू नये." हे सोपे आहे. "चोरीचा आळ घेऊ नये" हे त्याच दिवशी, त्याच दमात सांगितले पाहिजे. लहानग्या टिळकांची शेंगांच्या टरफलांची जी गोष्ट सांगतात, ती खरी घडली असो वा नसो, पुणेकरांच्या जिभेवर इतकी वर्षे टिकली आहे ती याच कारणाने. न केलेल्या गोष्टीचा आळ मुलाला मुकाट्याने सोसवत नाही.

आणि आपल्या शहरात रोज काय घडते? पुण्यातल्या कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. या संस्थेच्या बायका घरोघरचा कचरा उचलतात. आपण बेफिकिरीने जे टाकतो त्यात कधी मंगळसूत्र जाते, कधी नोटांचे पुडके जाते, आणि त्यांनी ते शोधून परत आणून दिल्याच्या बातम्या आपण वाचतो. २०२५ च्या नोव्हेंबरात आपल्याच शहरात अशा एका ताईंना दहा लाख रुपयांच्या घरातली रक्कम असलेली पिशवी सापडली, आणि त्यांनी मालक हुडकून ती त्याच्या हवाली केली. वर्तमानपत्रांनी "गरिबीतही प्रामाणिकपणा" असे म्हणून कौतुक केले. त्या "ही"ने माझ्या मनाला टोचले. श्रीमंताने पाकीट परत केले तर "श्रीमंतीतही प्रामाणिकपणा" असे कोणी छापीत नाही. एरवी ज्या घरातून त्यांना पाण्याचा पेलासुद्धा वेगळा मिळतो, त्याच घराचे सोने त्या परत करतात. आपल्या मुलाला प्रामाणिकपणाची गोष्ट सांगायची असेल, तर ती सकाळी आठ वाजता आपल्या दारात येऊन उभी असते. तिचे नाव मुलाला माहीत आहे काय, एवढे विचारून पाहा.

मोठ्यांच्या वागणुकीविषयी फार बोलणार नाही, कारण ते सर्वांना ठाऊक आहे. एसटीत सहा वर्षांच्या पोराला "चार सांग" म्हणून शिकवायचे, आणि घरी आल्यावर सत्याचे महत्त्व सांगायचे! नव्या काळात याची एक नवी तऱ्हा आली आहे. मोबाइलवरून चुकून परक्याचे पैसे आपल्या खात्यात येतात. रस्ता नाही, पाकीट नाही, वाकून उचलणेही नाही. पैसे आपण होऊन आले. आमच्या ओळखीच्या एका घरी वडील म्हणाले, "मागायला येईल तेव्हा बघू." तेरा वर्षांचा मुलगा म्हणाला, "बाबा, पण नंबर तर दिसतोय की!" १८७२ च्या करार कायद्याच्या ७२ व्या कलमाप्रमाणे चुकून मिळालेला पैसा परत करावाच लागतो, हे त्या मुलाला माहीत नव्हते. त्याला फक्त पत्रावरचा पत्ता दिसत होता. वडिलांनी फोन लावला. पैसे परत कसे घ्यायचे ते मात्र त्यांनी बँकेला विचारून मगच केले, आणि तेही बरोबर; कारण "चुकून पैसे आले" म्हणून फसवणारेही हल्ली निघाले आहेत. प्रामाणिक मुलाला सावधपणाही शिकवावा. वस्तू परत द्यायला अनोळखी माणसाबरोबर एकट्याने जायचे नाही, बेवारस पिशवीला हात लावायचा नाही, मोठ्या माणसाला बोलवायचे, हे आजच्या शहरात सांगावेच लागते.

मघाशी सभेतून एक चिठ्ठी आली आहे. "रस्त्यात सापडलेला रुपया मुलाने देवळाच्या पेटीत टाकावा का? आम्ही तसेच शिकवले आहे." प्रश्न चांगला आहे. आपल्या पुष्कळ घरांत ही रीत आहे, आणि ती वाईट नाही. पैसा आपला नाही, हे तीत मान्य केलेले आहे. पण तो देवाचा आहे, हे कोणी ठरवले? पुष्कळदा देवाच्या पेटीत टाकून आपण मालक शोधण्याचा त्रास वाचवतो. म्हणून क्रम एवढाच बदलावा. आधी आजूबाजूला पाहा, कोणी खाली बघत परत येत आहे का. दुकानासमोर पडला असेल तर दुकानदाराला विचारा. शाळेत सापडला तर बाईंकडे द्या. जपानात मुले असे एकेक नाणे चौकातल्या पोलीसचौकीत नेऊन देतात आणि पोलीस त्याची गंभीरपणे नोंद करून घेतो; तेथे तीन महिने मालक आला नाही तर वस्तू सापडणाऱ्याला मिळू शकते. आपल्या करार कायद्यातही सापडणाऱ्याला काही हक्क आहेत: वस्तू सांभाळण्याचा आणि मालक शोधण्याचा खर्च मिळेपर्यंत ती जवळ ठेवता येते, जाहीर केलेले बक्षीस मागता येते. मुलाला हेही खरे ते सांगावे. नीट शोध केला, वाट पाहिली, कोणी आले नाही, तर शाळेच्या पेटीतली ती निनावी छत्री पावसाळ्यात ज्याच्याकडे छत्री नाही त्याला द्यायला हरकत नाही. आणि तो रुपया, चिठ्ठी पाठवणाऱ्या बाईंना सांगतो, सगळे विचारून झाल्यावर पेटीत टाका, नाहीतर मुलाला शेंगदाणे घेऊ द्या. मेकॉलेचीही त्याला हरकत नव्हती.